खामच्या काठाने : पाणचक्की ते ऑरिक
(एका उद्योगनगरीच्या जबाबदारीचा इतिहास)

कोणत्याही नगरीचा इतिहास तिच्या राजवाड्यांत व किल्ल्यांत जितका असतो, तितकाच तो तिच्या पाण्यात आणि तिच्या कारागिरांच्या हातांत असतो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, ही नगरी या विधानाची साक्ष आहे. १६१० मध्ये मलिक अंबर यांनी खडकी येथे या नगराचा पाया घातला, तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न पाण्याचा होता. डोंगरातील झरे व भूगर्भातील प्रवाह जमिनीखालील नहरींतून शहरात आणून त्यांनी तो सोडविला. चारशे वर्षांनंतर याच नगरीच्या कारखानदारांपुढेही तोच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. कारखाना चालावा, माणसांना काम मिळावे, नफाही व्हावा. पण पाणी, माती, हवा आणि काम करणारा माणूस यांची हानी न होता हे सारे कसे साधावे? या प्रश्नाचा मागोवा या नगरीच्या औद्योगिक इतिहासातून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

यंत्र आणि विवेक

खाम नदीच्या काठी महमूद दरवाजाजवळ उभी असलेली पाणचक्की पर्यटकांना ठाऊक आहे. परंतु ती एक उत्पादनकेंद्र होती, या दृष्टीने तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. शहराच्या उत्तरेकडील डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून उताराने आणावयाचे, उंचावरून ते कुंडात सोडावयाचे आणि त्या धारेच्या वेगावर जाते फिरवावयाचे, अशी तिची रचना. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणारे यात्रेकरू, फकीर व निराधार यांच्यासाठी तेथे धान्य दळले जाई. जाते फिरविताना पाण्याचा एक थेंबही खर्ची पडत नसे किंवा दूषित होत नसे. काम करून झालेले पाणी हौदात साठे आणि पुढच्या उपयोगाला येई. ऊर्जा निसर्गाची, उत्पादन भुकेलेल्यांसाठी आणि पाणी जसेच्या तसे परत! पर्यावरण व समाज या दोहोंची जबाबदारी एकाच यंत्रात सामावलेली पाहावयाची असेल, तर तिच्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही.

दौलताबाद व खुलताबाद यांच्यामधील कागजीपुरा गावाची कथाही अशीच आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, त्या स्थित्यंतराशी तेथील हातकागदाच्या व्यवसायाचा संबंध परंपरेने जोडला जातो. जुन्या चिंध्या व टाकाऊ तंतू भिजवून, कुटून, त्यांच्या लगद्यापासून टिकाऊ कागद तयार होत असे. 'कचऱ्यातून संपत्ती' हा शब्दप्रयोग रूढ होण्यापूर्वी कित्येक शतके येथील कारागीर तो व्यवहार करीत होते. सूत व रेशीम यांच्या मिश्रणातून विणली जाणारी हिमरू आणि गोदाकाठची पैठणी यांनी अनेक कुटुंबांना घरच्या मागावर काम दिले. अर्थात या जुन्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. विणकराचे उत्पन्न तुटपुंजे असे आणि दरबारी आश्रय आटला की त्याचे मागही थांबत. तथापि, वस्तू टिकावी, टाकाऊ काही उरू नये आणि साधन जपून वापरावे, हा संस्कार त्या उत्पादनपद्धतीत होता, हे मान्य करावे लागते.

वाफेचे युग आणि मागासलेपण

निजामाच्या राजवटीत १८८९ मध्ये औरंगाबाद शहरात सूत कातण्याची व कापड विणण्याची गिरणी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्यात सुमारे ७०० माणसे काम करीत असल्याची नोंद आढळते. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली आणि कापसाच्या पट्ट्यात सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने निघाले. १९०१ साली जिल्ह्यातील या कारखान्यांत १,०१६ कामगार होते. एकट्या जालन्यात सरकी काढणारे ९ कारखाने होते, हे पाहता त्या काळी औरंगाबादपेक्षा जालन्याची व्यापारी उठाठेव अधिक होती, असेच म्हणावे लागेल. या वाटचालीत कापूस, धान्य व किराणा यांच्या व्यापारात असलेल्या जैन, मारवाडी व गुजराती कुटुंबांचा वाटा मोठा होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग बनला. या तीन टप्प्यांत राजकीय न्याय मिळाला; परंतु कारखाने, वीज व रस्ते यांचा अनुशेष तसाच राहिला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि १९६४ पासून राज्याने मागास भागात येणाऱ्या उद्योगांना सवलती देण्याचे धोरण स्वीकारले. औरंगाबादेत प्रथम रेल्वे स्टेशन परिसरात व पुढे चिकलठाण्यात औद्योगिक वसाहती वसल्या. आरंभी लोकांच्या मनात एकच अपेक्षा होती : मुलाबाळांना मुंबई-पुण्याला जावे लागू नये. धुराड्यातून धूर निघणे हे त्या काळी प्रगतीचे लक्षण समजले जाई, आणि त्या पिढीची गरज पाहता तिला त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल.

जायकवाडीचे ऋण

औद्योगिक नगरीचा खरा पाया पैठणच्या धरणाने घातला. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणामागे पसरलेला नाथसागर मराठवाड्याचा प्राण आहे. कालव्यांखालील शेती, शहराचे पिण्याचे पाणी आणि औद्योगिक वसाहतींचे पाणी हे सर्व त्याच्यावर अवलंबून आहे.

या जलाशयाखाली अनेक गावे, त्यांची शेते आणि देवळे गेली, याचे स्मरण मात्र फार थोड्यांना असते. कारखान्याच्या नळाला येणाऱ्या पाण्यामागे कोणीतरी सोडलेले घर आहे. या पाण्याकडे केवळ 'दर भरून विकत घेतलेली वस्तू' म्हणून पाहणे हिशेबाच्या वहीत बरोबर असेल, पण ते न्यायाचे ठरणार नाही. उद्योगाच्या सामाजिक जबाबदारीचा आरंभ देणगीपासून होत नाही. कारखान्यासाठी कोणी काय सोडले, हे जाणून घेण्यापासून तो होतो.

वाळूजचे पर्व आणि भोपाळचा धडा

१९ जानेवारी १९८४ रोजी वाळूज येथे बजाज ऑटोच्या कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली आणि ९ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. या एका कारखान्याने शहराचे रूप पालटले. दुचाकी व तीनचाकी वाहनांना लागणारे सुटे भाग पुरविणारे लहानमोठे उद्योग वाळूज व परिसरात उभे राहिले. त्यांतील काही पुढे देशाबाहेर निर्यात करणारे मोठे समूह बनले. लेथवर काम करणारा तरुण काही वर्षांत स्वतःचा छोटा कारखाना काढतो, ही गोष्ट या शहरात अपवादाची राहिली नाही. औषधे, प्लास्टिक फिल्म, विद्युत उपकरणे, मद्यनिर्मिती असे अनेक उद्योग आले. पुढे शेंद्रा वसाहतीत मोटारींचे उत्पादनही सुरू झाले.

योगायोग असा, की वाळूजचा कारखाना उभा राहत असतानाच, २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री, भोपाळला विषारी वायूची गळती झाली आणि हजारो निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. कारखान्याच्या भिंतीबाहेर राहणाऱ्या माणसाशी कारखानदाराचे नाते काय, हा प्रश्न त्या रात्रीने साऱ्या देशाला विचारला. पाणी प्रदूषण प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा १९७४ मध्ये व हवेसंबंधीचा १९८१ मध्ये झालेला होता. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ तर १९७० पासून अस्तित्वात होते. परंतु भोपाळनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा आला. पाठोपाठ १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची कल्पना मांडली. आजच्या गरजा भागविताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा येऊ नये, हे तिचे सार होय. अशा रीतीने वाळूजचे बालपण आणि पर्यावरणविषयक कायद्यांचे तारुण्य एकाच काळात घडले. कायद्यांची ही वाढ डोळ्यांसमोर असताना वसाहत वाढविण्याची संधी या नगरीला मिळाली होती. ती पूर्णतः साधली गेली, असे मात्र म्हणवत नाही.

दुष्काळाची कसोटी

खाम नदी उत्तरेकडील जटवाड्याच्या डोंगरांतून निघते, हर्सूल, पाणचक्की व छावणी असे शहर ओलांडते, वाळूजच्या बाजूने पुढे जाते आणि अखेर नाथसागराला मिळते. याचा अर्थ वाचकांच्या सहज लक्षात येईल. शहर व वसाहत ज्या जलाशयातून पाणी उचलतात, त्याच जलाशयाकडे त्यांचे सांडपाणी वाहत जाते. पाणचक्कीने ज्या नदीकाठी पाणी निर्मळ ठेवून काम केले, त्याच नदीचा पुढे दुर्गंधीयुक्त नाला झाला. या ऱ्हासात घरगुती सांडपाण्याचा व कचऱ्याचा वाटा मोठा होता, हे खरे. परंतु औद्योगिक क्षेत्रालाही स्वतःला त्यातून पूर्णपणे वगळता येणार नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळाने इशारा दिला आणि २०१६ ने कसोटी घेतली. त्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी पुरवावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याने व पुढे त्याहूनही अधिक कपात करण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांच्या पाण्यालाही कात्री लागली. एकूण साठ्यात उद्योगांचा वाटा शेतीच्या तुलनेत लहान आहे, असे उद्योजकांचे म्हणणे होते आणि ते आकड्यांच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. पण ज्या बाईला टँकरमागे धावावे लागते, तिला टक्केवारी सांगून समाधान होत नाही. पाण्याची बचत हा केवळ सद्भावनेचा विषय नसून तो कारखाना चालू राहण्याचा विषय आहे, ही जाणीव त्या उन्हाळ्याने दिली.

काय करता येते

या इतिहासातून कारखानदारांनी कोणता मार्ग काढावा? मोठ्या घोषणांपेक्षा छोट्या हिशेबांतून तो अधिक स्पष्ट दिसतो.

पावसाचे पाणी हे पहिले उदाहरण. या भागात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हजार चौरस मीटर छताच्या शेडवर म्हणजे सुमारे सात लाख लिटर पाणी पडते. गळती व बाष्पीभवन वजा जाता त्यातील ऐंशी टक्के जरी साठविले, तरी साडेपाच लाख लिटरांहून अधिक पाणी हाती येते. एवढेच पाणी गटारात सोडून देणारा कारखानदार उन्हाळ्यात टँकरला पैसे मोजतो, तेव्हा तो निसर्गाचे आणि स्वतःचे असे दुहेरी नुकसान करीत असतो.

दुसरे उदाहरण धातूवर मुलामा देणाऱ्या, म्हणजे प्लेटिंगच्या उद्योगांचे आहे. वाहनउद्योगाला या प्रक्रियेवाचून गत्यंतर नाही. तेथे भाग धुण्यासाठी भरपूर पाणी लागते आणि त्यात क्रोमियम, निकेल, जस्त यांसारखे धातू मिसळतात. षट्संयुजी क्रोमियम तर कर्करोगकारक आहे. एकाच टाकीत वाहत्या पाण्याने भाग धुण्याऐवजी तीन टाक्यांची मांडणी करून पाणी उलट दिशेने खेळविले, म्हणजे स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत येऊन क्रमाने मागच्या टाक्यांत गेले, तर पाण्याचा वापर मोठ्या प्रमाणात घटतो. घातक क्रोमियमचे रासायनिक क्रियेने कमी घातक रूप करून चुन्याच्या साहाय्याने त्याचा साका बसविता येतो. हा साका इतस्ततः न फेकता रांजणगावसारख्या अधिकृत घातक कचरा केंद्राकडेच गेला पाहिजे. रात्रीच्या अंधारात नाल्याकाठी रिकामे होणारे एक पिंप शेजारच्या गावाची विहीर कित्येक वर्षांसाठी निकामी करू शकते.

लहान कारखान्याला स्वतःचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र परवडत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर सामायिक प्रक्रिया केंद्राचा मार्ग निघाला व वाळूज येथे तो प्रत्यक्षात आला. परंतु सामायिक केंद्र हे सहकाराच्या तत्त्वावर चालते. एका सभासदाने ठरलेल्या मर्यादेबाहेरचे पाणी सोडले, तर सर्वांची प्रक्रिया बिघडते.

विजेच्या बाबतीतही असेच आहे. हवेच्या कॉम्प्रेसरच्या नळीतील गळती कानाला ऐकू येते, पण बिलात वेगळी दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे चालू राहते. ती बंद करावयास भांडवल लागत नाही, फक्त लक्ष लागते. छतावरील सौर पटले, द्रावकयुक्त रंगाऐवजी पावडर कोटिंग, ओतशाळेतील वाळूचा पुनर्वापर हे पुढचे टप्पे होत. यांतील बहुतेक उपाय काही काळात स्वतःचा खर्च भरून काढतात.

भिंतीच्या आतील माणूस

पर्यावरणाची चर्चा करताना कामगाराचा विसर पडणे ही नेहमीची चूक आहे. सुटे भाग बनविणाऱ्या उद्योगांत प्रेस मशीनखाली बोटे गमावणारे तरुण असतात. दोन्ही हातांनी कळ दाबल्याखेरीज यंत्र न चालण्याची सोय आणि प्रकाशपडद्याचे संरक्षण यांचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने अल्प असतो. गेलेले बोट मात्र कोणत्याही भरपाईने परत येत नाही.

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीतील हातमोजे बनविणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मृत्युमुखी पडले. नववर्षाच्या स्वागताला शहर सज्ज होत असताना सहा घरांत अंधार झाला. कामगारांना कारखान्यातच का झोपावे लागते, या प्रश्नाचे उत्तर अग्निशमन यंत्रापाशी संपत नाही. ते परप्रांतातून येणाऱ्या मजुराच्या निवाऱ्यापर्यंत, कंत्राटी कामाच्या अनिश्चिततेपर्यंत जाते. बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग, कुलूप नसलेले दार आणि राहण्याची स्वतंत्र, सुरक्षित सोय या तीन गोष्टी कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठ्या आहेत.

या बाबतीत काही चांगल्या परंपराही येथे निर्माण झाल्या. जानकीदेवी बजाज ग्रामविकास संस्थेने १९८७ पासून खेड्यांत पाणलोट, शेती व महिलांच्या बचतगटांचे काम केले. शहरात इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेने सामान्य घरांतील मुलांना अचूक यंत्रकामाचे शिक्षण दिले. आठवीत शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलाच्या हाती कौशल्य देणे, ही समाजाला दिलेली सर्वांत टिकाऊ देणगी होय.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले आणि १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद अमलात आली. दान हा व्यापारी वर्गाला नवा विषय नव्हता. धर्मशाळा, पाणपोया, औषधालये व शाळा त्याची साक्ष देतात. परंतु दोन टक्के कसे खर्च केले, याबरोबरच उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळविले, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

परंपरेचा निकष

न्यायसंपन्न वैभव ही श्रावकाच्या गुणांतील पहिली पायरी मानली जाते, ती याच अर्थाने. श्रावकाचारविषयक ग्रंथांत पंधरा कर्मादाने, म्हणजे वर्ज्य ठरविलेले उद्योग, सांगितले आहेत. वने तोडण्याचा व जाळण्याचा, विषाचा व्यापार करण्याचा, तळी व जलाशय आटविण्याचा धंदा त्यांत येतो. यंत्रयुगाच्या कितीतरी आधी कोणी तरी बसून कोणत्या व्यवसायाने किती जीवांची हानी होते, याचा विचार केला आणि त्यानुसार व्यवसायांची यादी केली, ही गोष्ट विस्मयकारक आहे. आजच्या कारखानदाराला त्या यादीचे शब्दशः पालन करणे अवघड जाईल. परंतु तिच्यातील प्रश्न त्याला स्वतःस विचारता येईल. माझ्या उत्पादनाने कोणते तळे आटते? कोणते विष कोणाच्या विहिरीत उतरते? पाणी गाळून वापरणाऱ्या घरातील माणसाने कारखान्यातून न गाळलेले पाणी सोडावे, यासारखी विसंगती दुसरी नाही.

शेजारच्या जळगाव जिल्ह्याचे एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. अजिंठ्याच्या पायथ्याजवळील वाकोद गावी १९३७ मध्ये जन्मलेले भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये लहानशा व्यापारापासून आरंभ केला आणि पुढे ठिबक सिंचनाची साधने शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविणारा मोठा उद्योग उभारला. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. पाणी वाचविणारी वस्तूच त्यांनी उत्पादनासाठी निवडली, केळीची ऊतिसंवर्धित रोपे व कांद्यावरील प्रक्रिया यांतून शेतकऱ्याला बाजारपेठेशी जोडले आणि ओसाड टेकड्या हिरव्या केल्या. त्याच इतिहासाचा पुढील भागही लपविण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये हा समूह कर्जाच्या ओझ्याखाली अडचणीत आला आणि २०२२ मध्ये कर्जाच्या पुनर्रचनेनंतर सावरला. उद्दिष्ट कितीही उदात्त असले, तरी विस्ताराला मर्यादा व कर्जाला संयम असावा लागतो. अपरिग्रह हा केवळ घरातील वस्तूंच्या संख्येचा नियम नाही, तो ताळेबंदालाही लागू पडतो.

नवे पर्व

दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेत शेंद्रा व बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांवर 'ऑरिक' ही नवी उद्योगनगरी आकारास येत आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले. भूमिगत वाहिन्या, सांडपाण्यावर प्रक्रिया व त्याचा पुनर्वापर यांची आखणी येथे आधीपासूनच करण्यात आली. विजेवर चालणाऱ्या वाहनांचे उद्योगही येथे येण्यास पुढे सरसावले आहेत. वाळूजमध्ये जे नंतर जोडावे लागले, ते येथे पायातच घातले जात आहे. मात्र नळ टाकले म्हणजे संस्कार येतोच असे नाही. व्यवस्था चालविणारी माणसे जागरूक असावी लागतात.

बाजारपेठेचे नियमही बदलत आहेत. २०२२-२३ पासून देशातील पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण, कामगार व समाज यांविषयीचा अहवाल सादर करावा लागतो. साहजिकच मोठा कारखाना आपल्या पुरवठादाराला विचारू लागतो की वीज किती वापरली, पाणी किती वापरले, अपघात किती झाले. युरोपीय संघाने पोलाद व ॲल्युमिनियमसारख्या मालावर कार्बन आकार लावण्याची व्यवस्था जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष सुरू केली असून नट-बोल्टसारख्या वस्तूही तिच्या कक्षेत येतात. म्हणजे वाळूजच्या गल्लीत दहा माणसांनिशी चालणाऱ्या वर्कशॉपलाही आता विजेची व कचऱ्याची वही ठेवणे भाग पडणार आहे. ज्याने ती आधीपासून ठेवली, त्याच्यासाठी हा जाच ठरणार नाही.

सर्वांत आशादायक घटना मात्र खामकाठीच घडली. २०२१ पासून महानगरपालिका, छावणी परिषद, व्हॅरॉक फाउंडेशन व इकोसत्त्व या संस्थांनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. नदीपात्रातील कचरा निघाला, काठांवर झाडे लागली, लोखंडी पुलाजवळ उद्यान झाले आणि ज्या नदीकडे लोक नाक दाबून पाठ फिरवीत होते, तिच्या काठी मुले खेळू लागली. नदी पूर्ण निर्मळ झाली, असा दावा कोणी करणार नाही. पण उद्योग, प्रशासन व नागरिक यांनी ठरविले तर अर्धशतकाचे दुर्लक्षही मागे सारता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

समारोप

वेरुळच्या जैन लेण्यांत, तिसाव्या ते चौतिसाव्या क्रमांकाच्या गुंफांत, नवव्या-दहाव्या शतकांतील शिल्पकारांनी अखंड कातळातून जिनमूर्ती कोरल्या. तेथे चुकीला दुरुस्ती नव्हती. एकदा उडविलेला टवका पुन्हा जोडता येत नव्हता. म्हणून प्रत्येक घावापूर्वी विचार करणे हाच त्यांचा धर्म होता. पाणी, माती आणि मनुष्यजीवन हेही तसेच आहे. कारखानदाराच्या हातातील छिन्नी त्याहून कितीतरी मोठी आहे, एवढाच काय तो फरक.

ज्या समाजाने व्यापारात सचोटी आणि जीवनात यत्नाचार जपला, त्याच्या नव्या पिढीतील अनेक तरुण आज चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा व बिडकीन येथे कारखाने चालवीत आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना गेल्या पन्नास वर्षांत काय मिळविले, याचा आनंद अवश्य मानावा. येत्या पन्नास वर्षांनंतर याच संस्थेच्या शताब्दीची स्मरणिका निघेल, तेव्हा तिच्या लेखकाला खामचे पाणी निर्मळ होते असे लिहिता यावे, कामावर गेलेला प्रत्येक कामगार संध्याकाळी सुखरूप घरी परतत होता असे लिहिता यावे, ही खरी संकल्पना. तिचा आरंभ उद्याच्या पहिल्या पाळीपासून, आपल्याच शेडमधील एका गळक्या नळापासून करता येईल.